न सापडलेल्या शस्त्रांची बाजू कशी लढवावी

इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्याकडे महासंहारक (अण्वस्त्रं, रासायनिक, जैविक) अस्त्रं आहेत, असं सांगून अमेरिकेने २००३ मध्ये युद्ध केलं. ती अस्त्रं होती की नव्हती हा वाद संपला, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. कागद शिल्लक असेतो वाद शिल्लक असतो, आणि २००३ साली बगदाद पडल्यावर अमेरिकी फौजेच्या हाती कागदांची हजारो खोकी लागली. तेव्हा तुम्ही युद्धाच्या बाजूने भांडला असाल आणि आता ते कसं निस्तरावं हे कळत नसेल, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे. सल्ला फुकट आहे. युद्धाचा खर्च दुसऱ्यांनी केलाय.

पहिली गोष्ट, सुरुवात निष्कर्षापासून करायची. पुरावा काय, येतो मागाहून. वरातीमागून घोडं आलं तर आपल्याकडे लोक हसतात. गुप्तवार्तेच्या धंद्यात त्या घोड्याला बढती मिळते.

आता आफ्रिकेतल्या नायजरचंच घ्या. सद्दामने त्या देशाकडून अणुबॉम्बसाठी युरेनियम मिळवायचा घाट घातलाय, असं दाखवणारी काही पत्रं रोममधून फिरत फिरत वॉशिंग्टनला पोचली. त्यातल्या एका पत्रावर तारीख होती ऑक्टोबर २००० ची आणि सही होती नायजरच्या अशा परराष्ट्रमंत्र्याची, ज्याने ते पद १९८९ मध्येच सोडलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या माणसांना ही भानगड ओळखायला फार वेळ लागला नाही. इंटरनेटवर थोडी शोधाशोध केली, काम झालं. ७ मार्च २००३ रोजी संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बरादेई यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सरळ सांगून टाकलं, की कागद खरे नाहीत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. यातून धडा काय घ्यायचा? पत्र खोटं निघालं म्हणून मजकूर खोटा ठरत नाही, असं म्हणत राहायचं. खोट्या नोटेवरही गांधीजी खरेच दिसतात की!

तज्ज्ञ आडवे आले तर घाबरू नका. ते असतातच आडवे यायला. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या युरेनियम शुद्ध करायच्या यंत्रांसाठी आहेत, असं अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचं, सीआयएचं, म्हणणं होतं. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले लोक, ज्यांची अशा यंत्रांवर हयात गेली होती, म्हणाले की ८१ मिलिमीटर व्यासाच्या या नळ्या साध्या रॉकेटच्या मापाच्या आहेत. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता शाखेनेही मान डोलावली नाही. हे मतभेद अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांच्या ऑक्टोबर २००२ च्या अहवालात नोंदवलेले आहेत. पण अहवाल शेवटपर्यंत वाचायची सवय किती जणांना असते? तुम्हीही लावून घेऊ नका, तब्येतीला बरं नाही.

साक्षीदार निवडताना मात्र चोखंदळ असावं. जो कधीच समोर येणार नाही, तो उत्तम. जर्मनीत आसऱ्याला आलेल्या एका इराकी इंजिनिअरने सांगितलं, की आपण ट्रकवर फिरत्या जैविक प्रयोगशाळा उभ्या केल्या. अमेरिकी गुप्तवार्तावाल्यांनी त्याला टोपणनाव दिलं ‘कर्व्हबॉल’. जर्मनांना त्याची खात्री वाटत नव्हती आणि अमेरिकेला त्याचे थेट जाबजबाब युद्धाआधी घेताच आले नाहीत. तरीही ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत त्या ट्रकांची रंगीत चित्रं दाखवली. खऱ्या ट्रकचा फोटो नव्हता. पण चित्र इतकं नीटनेटकं होतं, की फोटो मागायची कुणाला लाजच वाटावी. त्याच भाषणात त्यांनी एक छोटीशी कुपीही हातात धरून दाखवली. त्या कुपीत होतं काय, हे आता कुणाला आठवत नाही; ती कशी धरली होती हे सगळ्यांना आठवतं. पुढे २०११ मध्ये या इंजिनिअरने स्वतःच कबूल केलं, की सद्दामची राजवट जावी म्हणून आपण थापा मारल्या. अशा वेळी म्हणायचं, पाहा, हेतू किती चांगला होता!

अडचण येते ती खरं बोलणाऱ्या साक्षीदाराची. सद्दामचा जावई हुसेन कामेल १९९५ मध्ये जॉर्डनला पळून गेला. शस्त्रनिर्मितीचा सगळा कारभार याच गृहस्थाच्या हातात असायचा. त्याने दोन गोष्टी सांगितल्या: कार्यक्रम मोठे होते, आणि शस्त्रं नष्ट केली आहेत. तो पळाल्यावर इराकी सरकारची इतकी धांदल उडाली, की त्यांनी एका कोंबडीपालन केंद्रावर साठवलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यापर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांना स्वतःच नेलं. लाखो पानं, तीही कोंबड्यांच्या शेजारी. युद्धाआधीच्या भाषणांत या जावयाचा पहिला मुद्दा भरपूर वाजवला गेला, दुसरा कपाटात राहिला. तुम्हीही हेच करा. साक्ष अर्धी घेतली की ती दुप्पट जोरात सांगता येते. (जावईबापू फसव्या अभयावर विसंबून बगदादला परतले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये मारले गेले, त्यामुळे उरलेली अर्धी सांगायला ते येण्याची भीती नाही.)

फौजा आत शिरल्यावर शस्त्रं दिसेनात, तेव्हा कच खाऊ नये. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. ३० मार्च २००३ रोजी त्यांनी शस्त्रांचा ठावठिकाणा छातीठोकपणे सांगितला: तिक्रित आणि बगदादच्या आसपास, आणि पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला, उत्तरेला कुठेतरी. चारही दिशा पहिल्याच दिवशी सांगून टाकल्या की दिशा चुकली असं कुणी म्हणू शकत नाही. वर्षभराने राष्ट्राध्यक्ष बुश यांनी वॉशिंग्टनच्या पत्रकारांच्या मेजवानीत आपल्याच कार्यालयात वाकून शस्त्रं शोधतानाचे फोटो दाखवले आणि लोक हसले. तोवर इराकमध्ये शेकडो अमेरिकी सैनिक मेले होते आणि हजारो इराकी. ही विनोदबुद्धी तुम्हाला झेपणार नाही, ती जन्मजात लागते.

यापुढे हळूहळू माघार घ्यायची, पण पाठ न दाखवता. युद्धाआधी ‘शस्त्रं’ होती. मग ‘कार्यक्रम’ झाले. जानेवारी २००४ च्या भाषणात बुश ‘शस्त्रांशी संबंधित कार्यक्रमांच्या हालचालीं’पर्यंत आले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या शस्त्रशोध मोहिमेचं प्रमुखपद नुकतंच सोडलेले डेव्हिड के संसदेच्या समितीपुढे म्हणाले, आपण जवळजवळ सगळेच चुकलो. त्यांच्या जागी आलेल्या चार्ल्स ड्यूलफर यांनी त्या शरदात जाडजूड अहवाल दिला: साठे नाहीत, रासायनिक अस्त्रं १९९१ मध्येच नष्ट केली होती. पण इराकवरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध उठल्यावर सद्दामला पुन्हा सुरुवात करायची होती, असंही त्यात होतं. चला, ‘इच्छा’ सापडली! इच्छेला गोदाम लागत नाही.

२००६ च्या जूनमध्ये दोन अमेरिकी खासदारांनी सुमारे ५०० रासायनिक तोफगोळे सापडल्याची घोषणा केली. गोळे खरे होते, पण १९९१ च्या आखाती युद्धाआधीचे, गंजलेले. धोका त्यांच्यात होताच. ते हाताळताना अमेरिकी सैनिक भाजले, आणि ती गोष्ट त्यांच्याच लष्कराने वर्षानुवर्षं दाबून ठेवली. वाद घालताना आकडा सांगा, गंज सांगू नका, सैनिक तर नाहीच नाही.

उलट बाजूच्या मंडळींनाही एक सल्ला, म्हणजे पक्षपात नको. तुम्ही ‘मला आधीपासूनच माहीत होतं’ एवढंच म्हणत राहा. २००२ मध्ये इराकने काहीतरी लपवलंय असं युद्धविरोधी सरकारांच्या हेरांनाही वाटत होतं, आणि मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांच्याही मनात शंका होती, याची आठवण कुणी करून दिली तर पाणी मागवा.

आता हुकमाचं पान: जप्त केलेले कागद. सुमारे ४८,००० खोकी असल्याचा अंदाज होता, बहुतेक अरबीत, भाषांतर व्हायचं बाकी. यापेक्षा उत्तम पुरावा नसतो, कारण न वाचलेल्या खोक्यात काहीही असू शकतं. काही खासदारांनी आग्रह धरला, की हे सगळं इंटरनेटवर टाका, सरकारी भाषांतरकारांना जमलं नाही ते जनता शोधेल. मार्च २००६ मध्ये सरकारने कागद टाकायला सुरुवात केली, सोबत इशारा देऊन, की ते अस्सल आहेत की नाहीत, मजकूर खरा की खोटा, भाषांतर बरोबर की चूक, यातलं काहीच आम्ही ठरवलेलं नाही. एवढ्या स्वच्छ मनाने कुठलं सरकार बोलतं?

नोव्हेंबरात ते संकेतस्थळ घाईघाईने बंद करावं लागलं. इराकच्या जुन्या अणुसंशोधनाचे तांत्रिक तपशील त्यात होते आणि बॉम्ब बनवू पाहणाऱ्या कुणालाही ते कामी आले असते, असं जाणकारांनी लक्षात आणून दिलं. विरोधक इथे टाळी मागेल: ज्या माहितीच्या भीतीने युद्ध केलंत, ती तुम्हीच जगाला मोफत वाटलीत! डगमगू नका. ‘म्हणजे माहिती होती ना?’ असा उलटा सवाल टाका. ते काम १९९१ च्या आधीचं होतं, हे तो सांगायला लागेपर्यंत तुम्ही सीरियाला पोचलेले असाल. शस्त्रं ट्रकांत भरून रातोरात सीरियात गेली, हा मुद्दा शेवटच्या षटकासाठी राखून ठेवायचा. ड्यूलफर यांच्या गटाने २००५ मध्ये लिहिलं, की असा पुरावा मिळाला नाही; पण थोडंफार सामान अनधिकृतपणे गेलंच नसेल असं खात्रीने सांगता येत नाही, अशी पुस्तीही जोडली. पुस्ती तेवढी पाठ करा. आधीच्या वाक्याबद्दल कुणी विचारलंच, तर ते अरबीत आहे, भाषांतर अजून व्हायचंय, असं सांगा.