लोप पावणाऱ्या संस्कृतीवर हळहळावं कसं

प्रवासवर्णन लिहायला बसताय ना? मग पहिलं वाक्य ठरलेलंच आहे: 'काळ इथे जणू थांबला आहे.' खरंच थांबलाय का, या चौकशीत पडू नका. परतीचं विमान वेळेवर आहे ना, तेवढं बघा.

आणि हो, तुम्ही पर्यटक नाही, प्रवासी आहात. पर्यटक म्हणजे मागच्या बसमधून उतरले ते. संस्कृती बुडवतात ते लोक.

फोटोचं मात्र नीट ऐका, सगळं लिखाण त्यावरच तरतं. दारात एखादी आजी बसलेली असतेच. तिच्याखालची प्लॅस्टिकची खुर्ची काढून लाकडी ओंडका सरकवा (तिचे गुडघे दुखतात, पण पाच मिनिटांचाच प्रश्न). छपरावरची डिश नंतर कापता येते. नातवाच्या अंगात फुटबॉलची जर्सी असेल तर त्याला बाजूला उभा करा, आणि मग त्याच्यावरच शेवटचा हताश परिच्छेद पाडा: 'पाश्चात्त्य वारं अखेर इथवर पोचलं!' हा उसासा कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या ॲपवर लगेच टाका.

भूतान हवाच. १९९९ साली तिथे टीव्ही आला. निरागसता त्याच साली संपली, असं बिनधास्त ठोका. तुमच्या घरी टीव्ही कधी आला, हे कोण विचारतंय?

इतिहासात फार खोल शिरू नका, रडायला विषय उरत नाही. बालीचा केचक नाच 'युगानुयुगांचा' आहे, बस्स. त्याचं आजचं रूप १९३० च्या दशकातलं, आणि ते घडवण्यात वाल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचा हात होता, हे कशाला उकरायचं? नामिबियातल्या हेरेरो बायकांचे पायघोळ झगे 'अस्सल पारंपरिक' म्हणून खुशाल टिपा. मूळ झगा १९व्या शतकात जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांमुळे आला. हेरेरो बायकांनी तो उचलला, वर गाईच्या शिंगांसारखं शिरोभूषण चढवलं आणि आपलाच करून टाकला. असली माणसं फार गैरसोयीची. बिचारी म्हणावं, तर तशी दिसत नाहीत.

थायलंडमधल्या कायान बायकांची पितळी वेटोळ्यांनी झाकलेली मान बघायला काही गावांत तिकीट लागतं. या बाजारीकरणावर जरूर तुटून पडा. तिकीट काढून, फोटो घेऊन झाल्यावर. त्यातल्या कित्येक जणी म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेल्या निर्वासित आहेत, हा तपशील गाळा, वातावरण बिघडतं.

एक धोका राहतोच. तो जर्सीवाला पोरगा कधीकधी विचारतो, "तुमचे पणजोबा काय घालायचे? मग तुम्ही का नाही घातलंत?" अशा वेळी भाषा कळत नसल्याचं दाखवा, आणि हातवारे करून वायफायचा पासवर्ड मागा.