खुलासा : चर्चच्या शाळा खरंच जास्त चांगलं शिकवतात का?

‘अमेरिकेत चर्चच्या शाळांतली मुलं वाचन-गणितात सरकारी शाळांच्या पुढे आहेत, म्हणजे तिथे शिकवणंच चांगलं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही.

‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीत खासगी शाळांची सरासरी वरचढ असते, हे खरं. तिथल्या खासगी शाळांत चर्चशी जोडलेल्या शाळाच अधिक. पण त्या शाळा फी घेतात, प्रवेश देताना मुलं निवडू शकतात. सरकारी शाळेला सहसा आपल्या हद्दीतलं प्रत्येक मूल घ्यावंच लागतं. मग नुसत्या सरासऱ्या शेजारी ठेवून शिकवण्याचा दर्जा कसा ठरणार?

अमेरिकी शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने 2003च्या गुणांवरून हाच हिशेब 2006 साली पुन्हा मांडला. घरची परिस्थिती, वंश, अपंगत्व, इंग्रजीची अडचण जमेस धरल्यावर चौथीच्या वाचनात लक्षणीय फरक उरला नाही. चौथीच्या गणितात सरकारी शाळा सुमारे साडेचार गुणांनी पुढे गेल्या. आठवीच्या वाचनात मात्र खासगी शाळांची आघाडी टिकली, तीही सात गुणांहून जास्त. ती नाकारण्याचं कारण नाही. आठवीच्या गणितात लूथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) शाळा सरकारी शाळांच्या पुढे, तर कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) ख्रिश्चन शाळा मागे. सगळ्यांना ‘धार्मिक शाळा’ या एकाच पिशवीत कोंबणं म्हणूनच मला चुकीचं वाटतं.

या अहवालावरून ‘सरकारी शाळाच सरस’ असंही कुणी पसरवू नये. त्यात मुलांची एकाच वेळची चाचणी आहे. शाळेत येताना त्यांना किती येत होतं, याची नोंद नाही.