पेन स्टेटच्या चाहत्यांना मी ‘दुखावलेली माणसं’ का म्हटलं?

नमस्कार ताई,

पेन स्टेटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पेन स्टेट या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या ज्या फुटबॉल संघाच्या छत्राखाली एक माणूस वर्षानुवर्षं लहान मुलांवर अत्याचार करत राहिला, त्या संघाला शिक्षा झाली म्हणून डोळे पुसणाऱ्या चाहत्यांना मी ‘दुखावलेली माणसं’ म्हटलं, याचा तुम्हाला संताप आला. चेन्नई सुपर किंग्जवर दोन वर्षांची बंदी आली तेव्हा तिथल्या चाहत्यांनी ती निमूट सोसली, मग यांना काय झालं होतं, असं तुम्ही विचारलंत. पेन स्टेटचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचा हलवलेला पुतळा परत बसवावा असं मला वाटतं का, हेही विचारलंत. आणि सगळ्यात आधी, ‘मुलांपेक्षा मॅच मोठी आहे का?’

नाही. मॅच मोठी नाही. जेरी सँडस्की हा पेन स्टेटचा सहायक प्रशिक्षक १९९९ मध्ये निवृत्त झाला, पण त्यानंतरही त्याला संघाच्या इमारतीत मोकळी ये-जा होती. गरीब, आधार नसलेल्या मुलांसाठी त्याने स्वतःच एक संस्था काढली होती आणि त्याच मुलांमधून तो सावज हेरायचा. जून २०१२ मध्ये ४५ आरोपांत तो दोषी ठरला, ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलांचं जे झालं त्याच्या शेजारी कुठलाही स्कोअरबोर्ड ठेवता येत नाही. यावर तुमचं-माझं दुमत नाही, आणि माझ्या लेखातही नव्हतं.

दुमत आहे ते शिक्षेबद्दल. २३ जुलै २०१२ ला एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने जी शिक्षा सुनावली, ती एक नव्हती, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींची मोट होती. सहा कोटी डॉलर दंड, म्हणजे साधारण फुटबॉलच्या एका वर्षाच्या उत्पन्नाएवढा. हंगामाअखेरच्या मानाच्या बाउल सामन्यांत चार वर्षं खेळायला बंदी. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांत मोठी कपात, एकूण ८५ वरून ६५ पर्यंत. १९९८ ते २०११ या काळातले ११२ विजय नोंदवहीतून रद्द. आणि पाच वर्षं बाहेरच्या निरीक्षकाची देखरेख. तुम्ही या सगळ्याला एकच ‘शिक्षा’ समजून चाहत्यांना तिच्या विरोधात उभं केलंत. चाहतेही त्या दिवशी नेमके तसेच वागले, सगळं एकत्र अंगावर आल्यासारखे. माझं म्हणणं इतकंच आहे की यातल्या दोन गोष्टी योग्य जागी लागल्या, बाकीच्या भलत्याच माणसांना लागल्या, आणि म्हणून चाहत्यांच्या हातात एक तक्रार आली. त्या तक्रारीच्या गोंगाटात मुलांचा विषय मागे पडला.

आधी तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण तो तुमच्या प्रतिक्रियेत आला नाही आणि यायला हवा होता. विद्यापीठाने नेमलेल्या लुई फ्री यांच्या चौकशी अहवालात २००० सालची एक घटना आहे. संघाच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या एका कामगाराने सँडस्कीला शॉवरमध्ये एका मुलावर अत्याचार करताना पाहिलं. तो हादरला, त्याने सोबतच्या कामगारांना सांगितलं, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. आपली नोकरी जाईल ही भीती होती. त्यातल्या एकाने चौकशीत सांगितलं की तक्रार करणं म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात जाण्यासारखं झालं असतं. फुटबॉलपुढे विद्यापीठ आपल्याला उभं करणार नाही, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ही ताकद फुटबॉलला दिली कुणी? चाहत्यांनी. स्टेट कॉलेज या गावाची वस्ती चाळीस हजारांच्या घरात आणि त्यांच्या बीव्हर स्टेडियममध्ये माणसं मावतात एक लाखाहून जास्त. आपली तीन वानखेडे त्यात बसतील. शनिवारी लाखभर माणसं ‘वी आर…’ म्हणून ओरडतात आणि समोरून ‘पेन स्टेट’ असं उत्तर येतं, तेव्हा हातात झाडू असलेल्या माणसाला आपला आवाज केवढा वाटत असेल? हा प्रश्न प्रत्येक तिकीटधारकाने स्वतःला विचारायलाच हवा होता. अनेकांनी विचारला नाही. ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री जो पॅटर्नोंना काढल्याची बातमी आली तेव्हा विद्यार्थ्यांचा जमाव रस्त्यावर उतरला, एका वाहिनीची गाडी उलटी केली. त्या रात्रीची बाजू मी कधीही घेणार नाही.

पण ताई, त्याच आठवड्यात आणखीही काही घडलं आणि ते तुमच्या चित्रात नाही. दोनच दिवसांनी, शुक्रवारी रात्री, हजारो विद्यार्थी ओल्ड मेन या इमारतीसमोर मेणबत्त्या घेऊन पीडित मुलांसाठी उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांनी लैंगिक अत्याचारपीडितांसाठी काम करणाऱ्या ‘रेन’ या संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त निधी जमवला, आणि एनसीएएची शिक्षा येण्याच्या कित्येक महिने आधी जमवला. शनिवारी नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यापूर्वी दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसले आणि स्टेडियम शांत झालं. गाडी उलटवणारे चाहते होते, तसे हेही चाहतेच होते. ‘चाहते’ म्हणून एकच चेहरा समोर आणला की निकाल देणं सोपं जातं.

आता शिक्षेच्या दिवसाबद्दल. त्या सकाळचं एक छायाचित्र जगभर छापलं गेलं: विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात मोठ्या पडद्यासमोर उभी असलेली मुलंमुली, तोंडावर हात, डोळे विस्फारलेले. तुम्ही लिहिलंत, ‘हेच हात मुलांची बातमी ऐकून तोंडावर गेले होते का?’ वाक्य झणझणीत आहे, पण न्याय्य नाही. एका क्षणाच्या छायाचित्रावरून माणसाने आठ महिन्यांत काय काय सोसलं, काय वाचलं, कशाची लाज वाटली, हे कळत नाही. आणि त्या पडद्यावर त्यांनी ऐकलं काय? आपल्याच वर्गात बसणाऱ्या, आपल्याच वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना चार वर्षं बाउल सामना मिळणार नाही. कॉलेजच्या खेळाडूचं मैदानावरचं सगळं आयुष्यच चार हंगामांचं असतं. संघाचा तेव्हाचा शिकाऊ सहायक माईक मॅक्वेरी याने २००१ मध्ये सँडस्कीला शॉवरमध्ये एका मुलासोबत पाहिलं आणि ते पॅटर्नोंच्या कानावर घातलं. त्या वर्षी २०१२ च्या संघातले शेवटच्या वर्षाचे खेळाडू दहा-अकरा वर्षांचे होते. सँडस्कीच्या तावडीत सापडलेली मुलं ज्या वयाची होती, साधारण त्याच वयाचे. त्यांचा या पापात कुठला वाटा?

शिक्षेचा दुसरा भाग असा की पेन स्टेटचे खेळाडू लगेच दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकत होते, एरवी लागणारा एक वर्षाचा खंड माफ. लगोलग इतर संघांचे प्रशिक्षक या पोरांच्या मागे लागले. इलिनॉयची मंडळी तर थेट गावात येऊन थांबली. सायलस रेड दक्षिण कॅलिफोर्नियाला गेला, जस्टिन ब्राउन ओक्लाहोमाला, किकर, म्हणजे पायाने चेंडू मारून गुण मिळवणारा, अँथनी फेरा टेक्ससला.

फेरा गेला म्हणून किकची जबाबदारी आली सॅम फिकेन या दुसऱ्या वर्षातल्या मुलावर. इथे जरा थांबतो, कारण शिक्षा कागदावरून मैदानात कशी उतरते ते या पोराच्या गोष्टीत दिसतं. ८ सप्टेंबरला व्हर्जिनियाविरुद्ध त्याचे चार फील्ड गोल हुकले. शेवटचा ४२ यार्डांवरून, वेळ संपतानाचा. पेन स्टेट १६, व्हर्जिनिया १७. समाजमाध्यमांवर त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला, आणि तो पाडणारे चाहतेच होते, हे मी लपवणार नाही. पण त्याला सावरून घेणारेही चाहतेच होते. नवे प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी त्याला बसवलं नाही. २४ नोव्हेंबरला हंगामाच्या अखेरच्या सामन्यात विस्कॉन्सिनविरुद्ध जादा वेळेत याच फिकेनच्या ३७ यार्डांच्या किकने पेन स्टेट २४-२१ ने जिंकलं. त्या संघाला पुढे कुठलाही सामना नव्हता, करंडक नव्हता. तरी लोक जागचे हलेनात. त्या वर्षी ओब्रायन यांनी पेन स्टेटच्या साध्या, बिननावाच्या जर्सीवर पहिल्यांदा खेळाडूंची नावं घातली होती. बिननावाची जर्सी तिथे परंपरेचा मानबिंदू, तरी बहुतेकांनी हा बदल मनापासून स्वीकारला, कारण आता पाठीवरची नावं थांबलेल्या पोरांची होती. मी ‘दुखावलेली माणसं’ म्हटलं ते या लोकांना.

चेन्नईची तुलना तुम्ही केलीत ते बरं झालं, कारण तिच्यामुळेच माझा मुद्दा सोपा होतो. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर काढलं. गुन्हा अर्थातच वेगळा होता, तिथे सट्टेबाजी होती, इथे मुलांची आयुष्यं. पण शिक्षेची रचना बघा. धोनी आपल्या पुण्याच्या संघातून खेळला, रैना आणि जडेजा गुजरातकडून. खेळाडूंचा पैसा बुडाला नाही, खेळ थांबला नाही. पेन स्टेटच्या पोरांना मुळात पगारच नव्हता, शिष्यवृत्ती तेवढी होती. आणि चेन्नईची २०१० आणि २०११ ची विजेतेपदं कुणी पुसली नाहीत. चाहत्यांकडे त्यांच्या आठवणी शाबूत राहिल्या, म्हणून त्यांना वाट पाहता आली. २०१८ मध्ये संघ परतला आणि जिंकला. पेन स्टेटच्या चाहत्यांना मात्र सांगितलं गेलं की चौदा वर्षांत जे जे जिंकताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ते घडलंच नाही.

विजय पुसण्याचा हा भाग मला सगळ्यात चुकीचा वाटतो. पॅटर्नोंचे ४०९ विजय २९८ वर आले, त्याने एकाही पीडिताला काय मिळालं? उलट ‘४०९’ हा आकडाच झेंडा बनला. टी-शर्टवर आला, घोषणांत आला. जानेवारी २०१५ मध्ये विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाच्या हेल्मेटवरही त्याचे स्टिकर लागले. तो आकडा तसा मिरवणं मला पटत नाही. ज्या पॅटर्नोंनी स्वतःच, आपण आणखी काही करायला हवं होतं, असं म्हटलं होतं, त्यांच्या नावाने विजयोत्सव करताना त्या शॉवरची आठवण व्हायला हवी. पण हा झेंडा चाहत्यांच्या हातात दिला कुणी, हेही बघा. आकडा हिसकावला नसता तर तो परत मिळवण्याची लढाईच उभी राहिली नसती.

त्यात एनसीएएने स्वतःची नेहमीची चौकशीची पद्धत बाजूला ठेवली होती. संमतीपत्रावर सही करा, नाहीतर फुटबॉलच काही वर्षं बंद होईल, अशी टांगती तलवार ठेवून विद्यापीठाचे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांची सही घेतली गेली. पुढे कोर्टातल्या लढाईत एनसीएएचे अंतर्गत ईमेल बाहेर आले, त्यात त्यांच्याच एका अधिकारी बाईंनी हा सगळा पवित्रा म्हणजे हूल असल्याचं लिहिलेलं निघालं. ज्या चाहत्याला आधीच आपल्यावर अन्याय झाला असं वाटत होतं, त्याला यानंतर समजावणार कसं? संस्थेनेच आपली नैतिक उंची घालवली होती. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली आणि ११२ विजय नोंदवहीत परत आले.

योग्य जागी लागलेल्या दोन गोष्टींबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एक म्हणजे पैसा. तडजोडीनंतर ते सहा कोटी डॉलर पेनसिल्व्हेनियातच मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी आणि पीडितांसाठी ठेवले गेले, ४.८ कोटी राज्याकडे आणि १.२ कोटी विद्यापीठाकडे याच कामाला. दुसरी म्हणजे देखरेख. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी दर तीन महिन्यांनी अहवाल दिले: कोण कुणाला तक्रार करू शकतं, इमारतींच्या किल्ल्या कुणाकडे, कुणाला कसलं प्रशिक्षण मिळालं. साफसफाई कामगाराची भीती कमी करायची तर हेच करावं लागतं. त्यांच्या अहवालावरूनच सप्टेंबर २०१४ मध्ये बाउल बंदी उठली. आणि तुरुंगाचं म्हणाल तर खरी जबाबदारी कोर्टातच ठरली. क्रीडा संचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्त्झ यांनी २०१७ मध्ये मुलांचं हित धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, माजी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर त्याच वर्षी दोषी ठरले. माहिती या माणसांपर्यंत पोचली होती. निर्णय त्यांच्या हातात होता.

तुम्ही म्हणाल, सगळी शिक्षा एवढी नेमकी कशी लावता येईल? थोड्या प्रमाणात येते. २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये नियमभंगाची दोनशेहून जास्त प्रकरणं निघाली. तेव्हा एनसीएएने ऐंशी लाख डॉलरपेक्षा जास्त दंड केला, पण बाउल बंदी घातली नाही, कारण त्या वेळी मैदानात असलेल्या पोरांनी ते केलेलं नव्हतं. ते प्रकरण पैसे आणि भेटींचं होतं, पेन स्टेटच्या जवळपासही जाणारं नव्हतं. तरी शिक्षेचा रोख बदलला, आणि माझ्या मते बरोबर दिशेने बदलला.

राहिला पुतळा. सात फुटी ब्राँझचा तो पुतळा २२ जुलै २०१२ ला रविवारी सकाळी विद्यापीठानेच हलवला. मागच्या भिंतीवर पॅटर्नोंच्या नावाखाली शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी असे शब्द होते. काही चाहते अजूनही तो परत मागतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. विजय घडले होते, ते नोंदवहीत राहावेत. पुतळा हा सन्मान असतो, आणि त्या इमारतीत ज्यांच्यावर अत्याचार झाले ती माणसं आज हयात आहेत. तो जिथे ठेवला आहे तिथेच राहू द्या.