चालक मी, मालकही मीच

लायसन खिशात नव्हतं, मोबाईलमध्ये होतं. झाडाआडून प्रकट झालेल्या हवालदारसाहेबांना डिजिलॉकर उघडून दाखवलं. लग्नाचा अल्बम दाखवावा तसं त्यांनी ते एक डोळ्याने पाहिलं आणि म्हणाले, "कार्ड दाखवा." केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ सालीच दुरुस्ती झालीय, मोबाईलमधली कागदपत्रं चालतात, असं मी नम्रपणे सांगितलं. तेच नडलं.

मशीनवर चलन फाडलं गेलं. कलम १८१, विनापरवाना गाडी चालवली, ५००० रुपये. खाली आणखी एक ओळ: कलम १८०, परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवायला दिली म्हणून मालकाला ५०००. म्हणजे मीच माझ्या हातात किल्ली दिली आणि मीच बेजबाबदारपणे निघालो. सरळ कोर्टात गेलो.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक आजोबा ऐसपैस बसलेले. टोपी, कापडी पिशवी, पिशवीत फायली. त्यांची केस बांधाची. त्यांच्या वडिलांनी घातलेली. वडील गेले, ज्यांच्यावर घातली तेही गेले, बांध पुरात वाहून गेला. केस आहे.

"काय केलंत?"

"काही नाही."

"सगळे तेच म्हणतात. कलम सांगा."

सांगितलं. आजोबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"गाडीचा मालक कोण?"

"मी."

"चालवत कोण होतं?"

"मीच."

"मग चालकाने तुम्हाला सांगितलं होतं का, की माझ्याकडं लायसन आहे म्हणून?"

"आजोबा, चालक मीच होतो."

"ते कळलं हो. सांगितलं होतं का?"

"...असेल."

"मग झालं! त्यानं तुम्हाला फसवलं. मालक सुटला."

"आणि चालक?"

"त्याचं तो बघेल. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मला दोन मिनिटं खरंच त्या चालकाचा राग आला.

"वकील दिलाय?"

"नाही."

"दोन लागतील. दोन्ही बाजूंना एकच वकील उभा राहत नसतो." एवढं बोलून त्यांनी पुडीतले शेंगदाणे पुढे केले. "घ्या. पुकाऱ्याला वेळ आहे."

शेजारी एक डिलिव्हरीवाला पोरगा उभा होता. त्याच्या चलनावरच्या फोटोत गाडीही त्याची नव्हती आणि माणूसही तो नव्हता. नंबरातल्या ३ चा कुणीतरी ८ केला होता. भांड की, म्हटलं. "दादा, भांडायला परत आलो तर अजून एक रोज बुडेल," म्हणाला. आत गेला, कबूल म्हणाला, पैसे भरले आणि जिना उतरता उतरताच पुढची ऑर्डर घेतली. मला भरपगारी रजा मिळते म्हणून माझं तत्त्व टिकून आहे. मशीनवर बोट घसरतं त्यांचं, आणि लायसनची झेरॉक्स, आरसीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, प्रत्येकीवर सही असा गठ्ठा घेऊन हिंडायचं आपण. झेरॉक्सवाला मात्र कोर्टाच्या गेटसमोरच असतो. त्याच्याकडे कुणाला तारीख पडत नाही.

शेवटी माझा पुकारा झाला. मी उभा राहिलो. लगेच तेच नाव पुन्हा पुकारलं. मी उभाच होतो.

"दुसरे कुठायत?" शिपाई.

"मीच."

"भाऊ आले नाहीत का?"

मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "एकाच माणसावर दोन्ही कसं?" सगळ्या प्रकरणात हा प्रश्न पडलेली ती पहिली व्यक्ती. सरकारी वकिलांनी हवालदारसाहेबांकडे पाहिलं, हवालदारसाहेबांनी पंख्याकडे. १८० रद्द. राहिलं १८१. माझ्याकडे लायसन आहे, आत्ता दाखवतो, म्हणत मी मोबाईल काढला.

"मोबाईल बंद!" शिपाई कडाडला. कोर्टात मोबाईल चालत नाही. सिग्नलला चालत नाही, कोर्टात चालत नाही. सरकारने ते ॲप बहुधा घरी बसून एकट्याने बघण्यासाठी काढलं असावं. झेरॉक्स दिली, तर आरटीओकडून पडताळणी होऊ दे, म्हणून पुढची तारीख.

बाहेर आजोबा वाटच बघत होते.

"काय झालं?"

"मालक सुटला. चालकाला तारीख पडली."

"म्हटलं नव्हतं!" त्यांनी समाधानाने पुडी गुंडाळली, मग जवळ सरकून आवाज खाली आणला. "आता त्या चालकाशी फार बोलत जाऊ नका. साक्षीला तुम्हालाच बोलावतील."