खुलासा : ‘शंभर दिले, सात मिळाले’ हा हिशेबच चुकीचा आहे

‘महाराष्ट्र केंद्राला शंभर रुपये कर देतो, परत जेमतेम सात-आठ मिळतात, बाकीचे यूपी-बिहार खातात’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यातले शंभर रुपये मुळात आपल्या एकट्याचे नाहीत.

कंपनीचा प्राप्तिकर मोजला जातो तो मुख्यालय जिथे असेल तिथे. टाटा स्टीलचंच बघा. भट्ट्या जमशेदपूरला, खनिज झारखंड-ओडिशाचं, घाम तिथल्या कामगारांचा. पण नोंदणीकृत कार्यालय मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये. न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर पुढे दिल्लीला गेला तरी बंदरात भरलेलं सीमाशुल्क महाराष्ट्राच्याच खात्यात दिसतं. शिवाय राज्याचा जीएसटी थेट आपल्या तिजोरीत येतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

वाटपही कुणाच्या मर्जीने होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी विभाज्य करांतले, म्हणजे केंद्राने राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांतले, 41 टक्के राज्यांना दिले. त्यात उत्तर प्रदेशाचा वाटा 17.939 टक्के, महाराष्ट्राचा 6.317. त्या सूत्रात 45 टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता, म्हणजे राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त. मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष मोजायला 1983 मध्ये दांडेकर समिती नेमली, ती याच न्यायाने. तो न्याय आपण घरात मागतो, मग बिहारला नाकारायचा कसा?

तक्रारीला खरी जागा वेगळी आहे. केंद्राचे उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) राज्यांत वाटले जातच नाहीत. त्याचा फटका बिहारलाही बसतो आणि आपल्यालाही. त्यावर जरूर बोला.