भाग चांगला आहे ना, एवढंच सांगा

आज दुपारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका समोर बसून हे वाक्य तीनदा म्हणाले. पिशवीत एक रंगीत ले-आऊट, एक सातबारा आणि दोन लाखांच्या इसारपावतीची, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या पावतीची, झेरॉक्स. पुण्याजवळ, पुरंदर तालुक्यातल्या सासवडच्या बाजूला एक गुंठा, नऊ लाखांना. विकणाऱ्यानं सांगितलंय, विमानतळ येतोय, रिंग रोड टच आहे, तीन वर्षांत दुप्पट. रात्र झाली तरी राग जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आधी विमानतळ. पुरंदर विमानतळाची घोषणा 2016 ची. मधे जागा बदलायचं चाललं, मग गाडी पुन्हा जुन्याच जागेवर आली. नवी मुंबईच्या विमानतळाची चर्चा 1997 पासूनची, भूमिपूजन 2018 ला, उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. त्याच्या शेजारच्या उलव्यात लोकांनी कमावलं, मान्य. पण तो नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं आखलेला नोड, म्हणजे नियोजित वस्ती होती, प्लॉट-रस्ते-गटारं सगळी आराखड्यातली. काकांचा गुंठा शेतात आहे. आणि विमानतळाला लागून जमीन घेताना गट नंबर संपादनाच्या यादीत आहे का, आणि बाहेर असेल तर इमारतीच्या उंचीवर किती बंधन येतं, हे दोन प्रश्न कुणीच विचारत नाही.

आता ‘रिंग रोड टच’. हा शब्द ऐकला की तळपायाची आग मस्तकात जाते. एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, पुण्याभोवतीचा रिंग रोड 110 मीटर रुंदीचा आणि प्रवेश-नियंत्रित आखलेला आहे. म्हणजे चढायचं-उतरायचं फक्त इंटरचेंजवर. कुंपणाला चिकटलेल्या प्लॉटला मिळतो तो आवाज आणि धूळ. विचारायचं ते इंटरचेंज कुठे आहे, आणि तिथून प्लॉटपर्यंत आज पायाखाली असलेला रस्ता किती मीटर रुंद आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही, म्हणजे उद्या बिल्डरलाही त्या जागेत रस राहत नाही. बरेचदा तो रस्ता नुसत्या वहिवाटीचा असतो. शेजारच्यानं एक दिवस तार ओढली की संपलं.

काकांच्या ले-आऊटवर त्यांचा गुंठा पिवळ्या रंगात दाखवलाय. पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती. पण कुठला पिवळा? पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला विकास आराखडा (डीपी) प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा होता आणि 2025 मध्ये तो रद्दच झाला. त्या पिवळ्यावर विश्वास ठेवून किती जणांनी हिरव्यातली जमीन निवासीच्या भावानं घेतली असेल! प्रारूप, हरकती-सूचना, मंजुरी या तीन पायऱ्या आहेत, आणि तिसरी होईपर्यंत भाव शेतीचाच द्यायचा. गट नंबर टाकून झोन दाखला (जमीन आराखड्यात कुठल्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) मागा, तो थोड्या पैशांत मिळतो. त्यावरच मोठा डीपी रस्ता प्लॉटच्या मधून जातो का तेही कळतं. नदी जवळ असेल तर पूररेषा बघा. निळी म्हणजे 25 वर्षांतला पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. निळीच्या आत बांधकाम नाही. टेकडीचा उतार 1:5 पेक्षा, म्हणजे पाच फुटांत एक फूट चढापेक्षा, तीव्र असेल तर तिथंही नाही.

आणि सातबारा. अकरा गुंठे, दहा नावं. तुकडेबंदी कायद्यानं ठरावीक आकारापेक्षा लहान शेतजमीन विकता येत नाही; बागायतीला ती किमान मर्यादा 10 गुंठे आहे, म्हणून दहा अनोळखी माणसांच्या नावानं 11 गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं आणि चुन्यानं रेषा मारून द्यायच्या. कायद्यानं तुमचा कोपरा कुठला, हे कागदावर कुठेच येत नाही. कर्ज नाही, बांधकाम परवानगी नाही, विकायला गेलात तर बाकी नऊ जणांच्या दारात. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, पण आतला रस्ता त्यातूनच कापतात, हातात येतात साडेआठशे-नऊशे. सरकारनं 2025 मध्ये जुने तुकडे नियमित करायची वाट काढली, खरं आहे. पण ती आधी झालेल्या तुकड्यांसाठी, उद्या करायच्या खरेदीसाठी नव्हे.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे आता लिहिता लिहिता जाणवतंय. भाग बघायचाच असतो. पण तो मे महिन्यात बघायचा. टँकरवाल्याला विचारा, दिवसाला किती खेपा आणि काय दर. तयार सोसायट्यांमध्ये रात्री नऊला जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. निम्म्या काळ्या असतील तर तिथे गुंतवणूकदारच गुंतवणूकदाराला विकतोय, राहायला कुणी आलेलं नाही. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या गावातले प्रकल्प काढून एकूण किती सदनिका आणि किती बुक झाल्या ते बघा. भाडं विचारा, दलालाला नाही, वॉचमनला. 60 लाखांच्या फ्लॅटला 15 हजार भाडं म्हणजे वर्षाला तीन टक्के, आणि तेही मेंटेनन्स जायच्या आधी. भाडं वाढत असेल, शाळेच्या बस येत असतील, किराण्याचं दुसरं-तिसरं दुकान उघडलं असेल, तर तो भाग वर येतोय. घोषणा नसली तरी येतोय.

काका जाताना म्हणाले, ग्रॅच्युइटीतले आहेत हो. त्यांच्यावर चिडून काय उपयोग? चाळीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसानं अकृषिक आदेश, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचा कागद, कधी पाहिलेला असणार?

काका, मुलगी हे तुम्हाला वाचून दाखवेल. उरलेले सात लाख देऊ नका. सोमवारी गट नंबरवर झोन दाखल्याचा अर्ज करा, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून ताजा सातबारा काढून त्यातला ‘इतर हक्क’ रकाना वाचून घ्या, आणि वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल मागवा. विकणाऱ्याकडे तीनच कागद मागा: मंजूर ले-आऊट, अकृषिक आदेश, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा). इसारपावती मूळच जपून ठेवा, झेरॉक्स नको.