‘तुम्हाला तिथे हक्कच नाहीत’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘अमेरिकेतली आपली मुलं आणि ग्रीन कार्डवाले आईवडील यांच्यासाठी महत्त्वाचे’ आणि खाली पाच मुद्दे. एक, तिथलं संविधान फक्त नागरिकांना लागू आहे. दोन, बाकीच्यांना गप्प राहण्याचा हक्क नाही. तीन, अधिकारी कधीही घरात शिरू शकतात. चार, विमानतळावर पुढे करतील त्या कागदावर निमूटपणे सही करावी, मुलगा नंतर पुन्हा अर्ज करू शकतो. पाच, मतदान करू नये.

मी दुर्लक्षच केलं असतं. पण परवा रात्री कोथरूडहून मावशीचा फोन आला. वय ६८, दादाने म्हणजे तिच्या मुलाने काढून दिलेलं ग्रीन कार्ड, पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला यायचंय. तिने ते पाचही मुद्दे कालनिर्णयच्या पानामागे पेनाने उतरवून घेतले होते. ‘सही करून टाकते गं, उगाच दादाला त्रास नको,’ म्हणाली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

म्हणून आधी चौथा मुद्दा, कारण त्याने माणसाचं खरंखुरं नुकसान होतं. ‘पुढे करतील तो कागद’ हा बहुधा आय-४०७ नावाचा फॉर्म असतो. ‘मी माझा कायम वास्तव्याचा हक्क स्वखुशीने सोडत आहे’ असा त्याचा अर्थ. स्वखुशीने! म्हणजे सही करायची सक्ती नाही. सही नाकारली तर अधिकाऱ्याला तुमचं ग्रीन कार्ड तिथल्या तिथे रद्द करता येत नाही. त्याला नोटीस देऊन प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे न्यावं लागतं, आणि तुम्ही तो हक्क सोडलात हे तिथे सरकारने सिद्ध करायचं असतं. कार्ड काढून घेतलं तरी न्यायाधीशाचा अंतिम आदेश येईपर्यंत तुमचा दर्जा कायम राहतो. सही केलीत तर हे सगळं आपल्या हाताने घालवलंत, मग दादाने पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा. मेसेज लिहिणाऱ्याने ‘पुन्हा अर्ज करू शकतो’ इतकंच लिहिलंय. त्यात जाणारा वेळ आणि पैसा त्याच्या खिशातून थोडाच जाणार आहे!

सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिलं तर प्रश्न विचारतात, हे खरं. वर्ष उलटलं आणि आधी परवानगी काढलेली नसेल तर प्रकरण अवघड होतं. तासन्‌तास बसवून ठेवतील, ताब्यातही ठेवू शकतात. पण म्हणून सही करा हा सल्ला कोणत्या तोंडाने देता?

आता पहिला मुद्दा, ज्याच्या जोरावर बाकीचा डोलारा उभा आहे. अमेरिकी संविधानाची चौदावी दुरुस्ती १८६८ची. तिच्या एकाच वाक्यात दोन वेगळे शब्द आहेत. काही विशेषाधिकार ‘नागरिकांना’ दिले आहेत, आणि लगेच पुढे, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणत्याही ‘व्यक्तीचं’ जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्याने हिरावून घ्यायची नाही, असं म्हटलंय. लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्द ठाऊक होते आणि त्यांनी ते निवडून वापरले.

हे माझं मत नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत यिक वो नावाचा चिनी लाँड्रीवाला होता. एकाच जागी २२ वर्षं धंदा, पण नागरिक नव्हता. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला शहराची परवानगी हवी असा नियम निघाला. सुमारे २०० चिनी लोकांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. बिगरचिनी ८० च्या आसपास होते, त्यांतला एक सोडून सगळ्यांना परवानगी मिळाली. यिक वोला दहा डॉलर दंड झाला, तो भरला नाही म्हणून तुरुंगात टाकलं. १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला सोडलं आणि स्पष्ट लिहिलं की चौदाव्या दुरुस्तीचं संरक्षण नागरिकांपुरतं नाही. हा निकाल आजही आधार म्हणून दाखवला जातो.

दुसरा मुद्दा त्यातच निकालात निघतो, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको म्हणणारी पाचवी दुरुस्तीही ‘व्यक्ती’च म्हणते. मात्र खोटं कधीही सांगू नये, आणि ग्रीन कार्ड जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. विमानतळाचं वेगळं आहे. तिथे सामान आणि फोन तपासायची मुभा अधिकाऱ्यांना बरीच जास्त आहे, आणि व्हिसावाल्याने उत्तरं दिली नाहीत तर त्याला परत पाठवू शकतात. एवढं मान्य करावंच लागतं.

घराबद्दल: दारात आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात वॉरंट असेल तर त्यावर सही कोणाची आहे ते बघा. इमिग्रेशन खात्याने स्वतःच काढलेल्या वॉरंटवर न्यायाधीशाची सही नसते. अशा वेळी दार उघडायला आणि ‘या आत’ म्हणायला तुम्ही बांधील नाही. कागद दाराखालून सरकवायला सांगा.

मतदानाचा मुद्दा बरोबर आहे. पाचांतला तेवढाच.

मावशीला मी चौथी ओळ खोडायला लावली आणि तिथे देवनागरीत लिहून घ्यायला सांगितलं: ‘आय विल नॉट साइन. आय वाँट टू सी अ जज.’ शेजारी दादाचा आणि वकिलाचा नंबर. फोन काढून घेतला तरी कागद पर्समध्ये राहील.